सोलापूरला मुळं काढायला

जानेवारीत पाच दिवस सोलापूरला जाऊन आले, असं सांगितलं की चिपळूणात पहिला प्रश्न येतो, ‘चादर आणलीत का?’ आणली, एक. पण मी गेले होते ज्वारीची मुळं काढायला. मुळं काढायला म्हणजे उपटायला नव्हे, कागदावर उतरवायला.

डॉ. वैजयंती आणि मी कोल्हापूरला हॉस्टेलच्या एका खोलीत तीन वर्षं राहिलो. ती वनस्पतिशास्त्र शिकत होती, मी चित्रकला. पुढे मी शाळेत पोरांना निसर्गचित्रं शिकवून निवृत्त झाले. ती आपल्या गावी, सोलापुरातच, एका संशोधन केंद्रात लागली आणि आयुष्यभर झाडांची मुळं आणि त्यांच्याभोवतीच्या मातीतले जीव यांच्या मागे राहिली. डिसेंबरात तिचा फोन आला.

“सुमन, कॅमेऱ्यात मूळ नीट येत नाही. ओल्या मातीचा आणि मुळाचा रंग एकच दिसतो. तुझा डोळा पाहिजे. निवृत्तीला चार महिने राहिलेत, हा माझा शेवटचा खड्डा. येतेस की?”

मी गेले. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कंबर तेवढी धरली.

जुळे सोलापूर

वैजयंती स्कूटर घेऊन स्टँडवर आली होती. साठीला टेकलेली बाई, गुडघ्याला पट्टा, नखांत काळी माती. सात रस्ता चौकात तिनं पेरू घेतले. पेरूवाल्याशी ती दखनी उर्दूत बोलली, शेजारी भाजी निवडणाऱ्या ओळखीच्या बाईशी कन्नडात आणि माझ्याशी मराठीत. तिन्ही भाषांत ती भावच करत होती एवढं मला कळलं.

आमच्याकडे हवा अंगाला चिकटते. सोलापूरची हवा अंगातलं पाणी मागून घेते. दुपारपर्यंत माझे ओठ फुटले.

जुळे सोलापुरातल्या तिच्या फ्लॅटमध्ये ती एकटी राहते. मला भूक लागली होती आणि ती अंघोळीला गेली होती, म्हणून मीच ताट वाढून घेतलं. कडक भाकरी होती, दही होतं, शेंगांची चटणी होती. फ्रीजमध्ये आणखी एक डबा दिसला, आत काळीभोर पूड. कारळ्याची चटणी, असं समजून चमचाभर वाढली, वर तेल घातलं. वैजयंती केस पुसत बाहेर आली आणि माझा हात धरला.

“खाल्लीस?”

“अजून नाही. तिखट आहे का?”

“माती आहे ती. गेल्या वर्षीची, बांधाकडची.”

मग तिनं फ्रीज पूर्ण उघडून दाखवला. दुधाच्या पिशवीमागे, कोथिंबिरीखाली, अंड्यांच्या कप्प्यात, सगळीकडे मातीच्या पुड्या, प्रत्येकीवर गाव आणि तारीख. घरी पाहुणे का टिकत नाहीत ते मला कळलं.

जेवताना तिनं तिची गोष्ट सांगितली, जी हॉस्टेलमध्ये असताना मी अर्धीच ऐकली होती. शुक्रवार पेठेत तिच्या वडिलांचं भुसारचं दुकान. ज्वारी पोत्यानं यायची आणि पायलीनं जायची. मुलीनं बँकेच्या परीक्षा द्याव्यात असं घरचं म्हणणं. कॉलेजात एकदा सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली ज्वारीचं केसाएवढं मूळ ठेवलं, निळ्या रंगात बुडवलेलं. आत बुरशीचे धागे होते आणि त्यांना इवल्या फांद्या फुटलेल्या.

“मुळाच्या आत दुसरं झाड उगवलंय असं वाटलं मला,” ती म्हणाली. “आणि ते मुळाला खात नाही, की. त्याला पाणी आणून देतं, मूळ त्याला साखर देतं. आप्पांच्या दुकानात इतकी वर्षं ज्वारी पाहिली, तिच्या पायाखाली हे चाललंय ते कुणीच सांगितलं नव्हतं.”

घरी सांगितल्यावर वडील म्हणाले होते, ‘कणीस विकून घर चालवलं, तू मुळं विकून चालव.’ तिनं चालवलं. केंद्रातले लोक तिला मातीवाल्या बाई म्हणत. सहकारी वातानुकूलित खोलीत प्रबंध लिहीत, ही खड्ड्यात बसून मुळं धूत असे.

हॉलमध्ये एकच फोटो टांगलेला होता. हिरव्या ज्वारीत उभी असलेली, डोईवर पदर घेतलेली एक काळीसावळी बाई, मागे लांबवर करपलेलं रान.

“ही पार्वतव्वा. उद्या हिच्याच शेतात जायचंय,” वैजयंती म्हणाली. “दुष्काळी ज्वारीच्या मुळांवरचे जिवाणू मी वेगळे काढले होते. त्यांची पूड केली. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळायची. पार्वतव्वाला पहिली पाकिटं दिली. त्या वर्षी पाऊस नव्हता. आसपासची रानं गेली, हिचं एकटीचं उभं राहिलं.”

त्या शेतावर तिचा मोठा लेख आला, बढती मिळाली, आणि केंद्रानं पूड पाकिटांतून गावोगाव दिली. पाकिटावर हाच फोटो छापलेला. वैजयंतीला लोक ओळखतात ते या पुडीमुळे.

पार्वतव्वाचं शेत

अक्कलकोटच्या बाजूला, भाड्याच्या गाडीनं तासाभराचा रस्ता. आमच्याकडे जमीन तांबडी, जांभ्याची. कुठेही पाय ठेवा, ती तुम्हाला झेलते. इथली काळी जमीन भेगाळलेली होती आणि पहिल्याच भेगेत माझी चप्पल गेली. पार्वतव्वानं ती विळ्याच्या टोकानं वर काढली.

“सावकाश चाला, ताई. आमची जमीन चपला खाती,” ती म्हणाली.

पासष्टीची, काटक, मराठी बोलता बोलता कन्नडात शिरणारी. नवरा मागच्या वर्षी गेला. मुलगा पुण्यात नोकरीला, शेत ती स्वतः आणि दोन गडी बघतात. डोक्यावरून जाणारी ज्वारी, कणसं दुधात आलेली.

खड्डा आधीच खणून ठेवला होता, पुरुषभर खोल. एका बाजूला ज्वारीचं एकच धाट सोडलेलं. वैजयंती शिडीवरून उतरली, गुडघ्यासाठी पोतं अंथरलं आणि फवारणीच्या पंपानं भिंतीवर बारीक पाणी मारायला लागली. माती विरघळून खाली यायची आणि पांढरं मूळ बोटभर उघडं पडायचं. मग ती त्याला खिळ्यानं आधार द्यायची. मी स्टुलावर बसून ते कागदावर घ्यायचे. गार, ओला, लोखंडासारखा वास येत होता. पन्नास वर्षं मी झाडं काढली, ती सगळी जमिनीपाशी कापलेली होती हे मला त्या खड्ड्यात कळलं.

दिवसभरात मांडीइतक्या खोलीपर्यंत पोचलो. संध्याकाळी शेतातच हुरडा भाजला. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं, तळहातावर चोळून गरम दाणे, सोबत लसणाची चटणी आणि गूळ. आमच्याकडे मडक्यात शेंगा भाजून पोपटी लावतात तसाच हा प्रकार, फक्त इथे मडकं नाही आणि गप्पा जास्त.

दुसऱ्या दिवशी दुपारी अपघात झाला. खड्ड्याच्या तळापासून हातभर वर असताना भिंतीचं ढेकूळ सुटलं आणि मूळ घेऊन खाली आलं. वैजयंतीनं चिखलात हात घालून शोधलं, पण तुकडे हाती आले. ते तिनं बाजूला मांडून ठेवले. मी मात्र कागदावरची रेघ सवयीनं तळापर्यंत नेली. चित्र अर्धवट राहिलेलं मला बघवत नाही.

तिनं वाकून पाहिलं. “हे कुठं दिसलं तुला?”

“सरळच गेलं असणार ना खाली.”

“असेल. नसेलही. जे दिसलं नाही ते काढू नकोस.”

“तुटक रेघ देऊ?”

“तीही नको. इथं तुटलं, असं लिही.”

मी खोडरबर घेतला. पार्वतव्वा खड्ड्याच्या काठावर भाकरीची दुरडी घेऊन बसली होती. तिनं हे सगळं ऐकलं. जेवायला बसलो तेव्हा तिनं आम्हाला वाढलं, पण स्वतःच्या भाकरीचा तुकडाही मोडला नाही.

“म्याडम, एक बोलायचं हाय,” ती म्हणाली. “तुमी रागवा, पण ऐका. ती पूड मी घातलीच न्हाय.”

वैजयंतीला आधी कळलं नाही. “कुठली पूड?”

“पयली. फोटूच्या वर्साची. गुळाचं पाणी केलं हुतं. पर हात धजंना. बियाणं तेवढंच हुतं घरात, त्याला काय झालं तर मग पेरायचं काय. म्हनून पाकिटं फोडून उकिरड्यात टाकली.”

“मग मी विचारलं तेव्हा—”

“तुमी आला तवा चार मानसं संगं, कॅमेरा संगं. तुमच्या तोंडावर इतका आनंद हुता. मालक म्हनले, गप बस, बाईचं मन मोडू नको. तवा गप बसले. मग पाकिटावर माजाच फोटू आला, मग कुनाला सांगनार?”

वैजयंतीनं भाकरी ताटात ठेवली. “आज का सांगितलंस, अव्वा?”

“तुमी ह्या ताईंना म्हनला की, दिसलं न्हाय ते काढू नको. मला वाटलं मलाच म्हनताय.” मग ती खालच्या आवाजात म्हणाली, “आनि माजा भाऊ. सिद्राम. त्यानं माजा फोटू बगून पूड घेतली. पेरायच्या आदी मला इचारलं बी, अक्का, चांगली हाय न्हवं? मी व्हय म्हनले. त्याच्या साऱ्या रानाला तीच लावली, आनि नेमकं त्या वर्साला पावसानं पाट फिरवली. समदं करपलं. त्याला वाटतंय, मी काय तरी येगळं केलतं आनि सख्ख्या भावापासनं लपवलं. पंचमीला माहेरी न्यायला यायचा, तीन वर्सं झाली आला न्हाय.”

तिच्याकडे नागपंचमीला भावानं बहिणीला नेणं याला दिवाळीहून मोठा मान आहे. ती रडली नाही, पदराच्या टोकाला गाठी मारत राहिली.

परतीच्या वाटेवर वैजयंती गाडीत एवढंच बोलली. “मी तिला कधी एकटीला विचारलंच नाही, सुमन. मुळं तपासली, पण ती निव्वळ तिच्या शेतातली, तुलना करायला काही ठेवलंच नव्हतं.”

घरी चहा घेताना मी तिला समजावलं. आज लिहिताना लाज वाटते, पण समजावलं खरं. चार महिन्यांत निवृत्त होते आहेस. पार्वतव्वा कुणाला सांगणार नाही, मी सांगणार नाही. पुडीनं कुणाचं वाईट तर झालेलं नाही. जाऊ दे.

“सिद्रामचं झालं, की,” ती म्हणाली.

तिनं फोटो उतरवला, मागची धूळ पुसली आणि भिंतीला टेकवून खाली ठेवला. मग विचारलं, “उद्या माझ्याबरोबर येतेस काय त्याच्या गावाला? एकटीला धीर होणार नाही.”

सीमेपलीकडे

पार्वतव्वा वाटेत गाडीत बसली. नवं लुगडं नेसली होती आणि मांडीवर शेंगापोळ्यांचा, दाण्याच्या कुटाच्या गोड पोळ्यांचा, डबा धरून होती. महाराष्ट्र कुठे संपला ते मला कळलंही नाही. दुकानांच्या पाट्यांची अक्षरं गोल झाली तेव्हा विचारलं. रान तेच, ज्वारी तीच.

सिद्रामअण्णा ओसरीवर शेंगा फोडत होता. उंच, पांढऱ्या मिशा, कपाळावर विभूतीचे पट्टे. बहिणीला पाहून उठला, पण पुढे आला नाही. वैजयंतीला ‘बर्री, कुंदर्री’ म्हणाला, म्हणजे या, बसा. बायकोनं पाण्याचे तांबे आणले.

पार्वतव्वा बसली नाही. उभ्यानंच कन्नडात बोलायला लागली. मला शब्द कळत नव्हते, पण ‘पूड’ कळला, ‘फोटो’ कळला, आणि तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवून दोनदा म्हटलेलं ‘तप्पु’ही कळलं. तिचं संपल्यावर वैजयंती म्हणाली, “नंद तप्पु.” चूक माझी.

सिद्रामअण्णा शेंगेची टरफलं हातात चुरत राहिला. मग माझ्याकडे वळून मराठीत बोलला, बहुधा त्या दोघींकडे बघायचं नव्हतं म्हणून.

“पाकिटावर माज्या बहिनीचा फोटू हुता की, ताई. दुसऱ्या कुनाचा असता तर मी धा लोकांना इचारून घेतली असती.”



टरफलं खाली टाकून तो वैजयंतीला म्हणाला, “म्याडम, मी एकटा न्हाय. मी सांगितलं म्हनून आनि सात जनांनी लावली. तुमी मला सांगितलं, माजं भागलं. त्येंना कोन सांगनार?”

“मी सांगते,” ती म्हणाली.

“आता?”

“आता.”

त्यानं पायात वहाणा घातल्या आणि एकेकाला बोलावत निघाला. मंदिराच्या कट्ट्यावर अर्ध्या तासात दहाबारा माणसं जमली. वैजयंतीनं आयुष्यभर भाषणं दिली ती इंग्रजीत आणि मराठीत. कन्नड तिची घरची भाषा, स्वयंपाकघरातली. त्या भाषेत ‘जिवाणू’ला तिच्याकडे शब्द नव्हता. पार्वतव्वा माझ्या शेजारी बसून कुजबुजत सांगत होती. “म्हनती, डोळ्याला न दिसनारे किडे. चांगले किडे. म्हनती, ते उनात पाकिटातच मेले असतील, न्हायतर रानात मेले असतील. म्हनती, मला म्हाईत न्हाय.”

लोकांनी शांतपणे ऐकलं. एक तरुण उठून गेला, जाताना काहीतरी बोलला. “काय म्हणाला?” मी विचारलं. पार्वतव्वानं ते मराठीत आणलं नाही.

मग एका म्हाताऱ्यानं वैजयंतीला विचारलं, ‘पुडीनं नाही, तर मग पार्वतव्वाचं रान उभं कसं राहिलं?’ पार्वतव्वानं स्वतःच उत्तर दिलं. त्याआधी दोन वर्षं तिनं आणि मालकांनी पडीक बांधाजवळची माती पाट्यांनी रानात पसरली होती. कट्ट्यावर हालचाल झाली. माती, माती, असं चारजण म्हणाले. माझ्याही मनात आलं, हेच ते. फ्रीजमधला डबासुद्धा बांधाकडचाच होता. आता वैजयंती उठून सांगेल की त्या मातीत जिवंत बुरशी होती, पुडीपेक्षा खरी.

तिच्या चेहऱ्यावर ते वाक्य आलेलं मी पाहिलं. तिनं ते गिळलं.

पार्वतव्वा कुजबुजली, “म्हनती, मातीनं झालं असंल. न्हायतर मातीचा थर जाड झाला म्हनून ओल टिकली असंल. न्हायतर अव्वाच्या रानावर एक सर जास्त पडली असंल. म्हनती, एका रानावर भरवसा ठेवून मी एकदा चुकले, पुन्ना ठेवनार न्हाय.”

“गोत्तिल्ल,” वैजयंतीनं शेवटी पुन्हा म्हटलं. माहीत नाही.

म्हातारा हसला. म्हणाला, शिकलेल्या माणसाच्या तोंडून हा शब्द त्यानं पहिल्यांदा ऐकला. बाकीचे हसले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत.

सिद्रामअण्णा म्हणाला, “मग कळंल कसं?”

वैजयंतीनं खडा घेऊन फरशीवर पट्टे आखले. एक पट्टा बांधाची माती टाकलेला, एक तसाच, एक पूड लावलेला, पुन्हा तसाच. एकच बी, एकाच दिवशी पेरलेलं. तो वाकून बघत राहिला आणि म्हणाला, “रस्त्याकडची पट्टी घ्या माजी. पर पाटी-बिटी लावायची न्हाय. फोटू तर न्हायच न्हाय.”

जेवायला त्याच्याकडेच बसलो. झुणका, भाकरी, शेंगांची चटणी, ताक. बहिणीनं आणलेला डबा त्यानं स्वतः उघडला. अर्धी शेंगापोळी मोडून घेतली, उरलेली अर्धी तिच्या ताटात टाकली. आमच्याकडे कोकणात भांडण मिटलं की आधी तासभर बोलून ते पुन्हा उगाळतात.

परत आल्यावर

याला आता सव्वा वर्ष झालं. वैजयंतीनं केंद्राला आणि लेख छापणाऱ्या नियतकालिकाला पत्रं लिहिली, घडलं ते सगळं लिहिलं. पाकिटांचं वाटप थांबलं. निरोप समारंभाला पेढे होते, भाषणं आखूड होती. तिच्या हाताखालच्या एका मुलीनं तिला कोपऱ्यात घेऊन विचारलं, ‘मॅडम, न सांगता चाललं नसतं का?’ वैजयंती म्हणाली, “चाललं असतं, की. तेच तर.”

पार्वतव्वाला पंचमीला सिद्रामअण्णा न्यायला आला. ती चार दिवस राहिली आणि जाताना बांधाची माती कशी पसरायची ते दाखवून आली.

रब्बीला पट्टे पेरले. वैजयंती निवृत्त असूनही दर पंधरा दिवसांनी जात होती, कधी गाडीनं, कधी एसटीनं. मुळं धुऊन, निळ्या रंगात बुडवून, स्वतःच्या स्वयंपाकघरात जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होती. फेब्रुवारीत तिचा फोन आला. मी श्वास रोखून विचारलं, कुठला पट्टा उभा राहिला.

“सगळे,” ती म्हणाली. “पाऊस उत्तम झाला. पूड, माती, काही नाही, सगळ्यांची कणसं सारखी. काही म्हणजे काही कळलं नाही.”

“म्हणजे वर्ष फुकट गेलं?”

“सिद्रामअण्णांकडे कणगी भरली, ते फुकट कसं? पण उत्तर पाहिजे तर पावसानं दगा दिला पाहिजे. मी तसं त्यांना बोलूनही दाखवलं. तर मला म्हणाले, ‘म्याडम, पुढच्या साली पाऊस कमी पडू दे, असं मागनं काय देवाकडं मागता येत न्हाय. थांबावं लागंल.’”

“मग?”

“मग थांबलेय,” वैजयंती म्हणाली.